टिंबाटिंबावर थांबणारे खोरगडे सर

खोरगडे सर कुणाचंही नाव सरळ विचारत नसत. मी पहिल्या दिवशी ऑफिसात गेले तेव्हा त्यांनी खुर्ची फिरवली, चष्म्यावरून पाहिलं आणि म्हणाले, "गाव?"

"काटोल."

"काटोल, टिंब. मोहल्ला?"

मी सांगितलं.

"टिंब. वडील?"

"बाजारात संत्र्याच्या पेट्या भरतात."

"टिंब. आता तुहं नाव सांग."

"सुषमा, बीसीए," मी म्हणाले. नावाला लागूनच पदवी सांगायची मला तेव्हा सवय होती. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं, आणि ही गोष्ट मी कुणाला विसरू देत नसे. आजही देत नाही. सरांनी मान डोलावली. "चांगलं आहे. बस त्या खुर्चीवर. तिचा एक पाय हालते, टेकून बसू नको."

नागपुरात मानेवाड्याला एका नळ-फरशीच्या दुकानावर आमच्या तीन खोल्या होत्या. आम्ही वेबसाइटची पानं करायचो. शाळांची, दवाखान्यांची, मिळेल त्यांची. सरांकडे साचे असत. माहिती दुसरीकडून येते, साचा आपण करायचा. साच्यात जिथे नाव उमटायला हवं तिथे महिरपी कंस टाकून लिहायचं, की इथे अमक्याचं नाव येऊ दे. एका गोष्टीच्या आतली दुसरी गोष्ट मागायची तर दोघींच्या मध्ये टिंब द्यायचं. मग हजार माणसं असोत की दहा, प्रत्येकाचं पान त्याच एका साच्यातून निघतं. ऐकायला हे सोपं वाटतं. मलाही वाटलं होतं.

दुसऱ्याच आठवड्यात मी एका दवाखान्याचं पान केलं. पेशंटचं नाव आलं, वय आलं, आणि पत्त्याच्या जागी चौकटी कंसात इंग्रजीत एकच शब्द दोनदा आला. ऑब्जेक्ट ऑब्जेक्ट. चाळीस पेशंट, चाळीसही जण त्याच पत्त्यावर राहणारे. सर मागे येऊन उभे राहिले. मला वाटलं, आता बीसीएवर बोलतील. ते म्हणाले, "हे पाह्य. तुले माही शाळेची टी.सी. पाहिजे. कुठं भेटन? सावनेरले जा. तिथून सालईमेटले जा. सालईमेटात खोरगड्याची आळी विचार. आळीत डाव्या हाताचं तिसरं घर. घरात आईची पत्र्याची पेटी. पेटीत टी.सी. तू काय केलं? पेटीच उचलून आणली अन् पानावर ठेवली. पान म्हणते, बाई, ही एक वस्तू आहे. आत काय आहे ते तू विचारलंच नाही, तं ते कायले सांगन?"

"म्हणजे पत्त्याच्या आत गाव, गावाच्या आत नाव."

"हां. टिंब देत देत आत जायचं. अन् समजा मधातच घराले कुलूप असलं तं?"

"तर काय?"

"तं पेटीची गोष्टच काढायची नाही. प्रत्येक टिंबावर थांबायचं, हाक मारायची. कोणी आहे का गा घरात? ओ आली तं पुढं. नाही आली तं तिथंच उभं राहून सांगायचं, का इथं कोणी नाही."

त्यांचं सगळं शिकवणं यात आलं. बाकी सहा वर्षं मी हेच ऐकलं. साचा ते मोठ्याने वाचत आणि प्रत्येक टिंबाला खरंच थांबत. नवीन पोरं तोंड दाबून हसायची. त्यांच्या कीबोर्डवरचं टिंबाचं बटण झिजून गुळगुळीत झालं होतं. कागद म्हणून ते जुन्या कॅलेंडरची पानं वापरत. पाठकोऱ्या बाजूला उलटं झाड काढायचं, मूळ वर आणि फांद्या खाली, आणि प्रत्येक फांदीच्या टोकाला एक माणूस. चहा बशीत ओतून प्यायचे, आणि पिताना स्क्रीनकडे पाठ करायचे. "त्याच्याकडं पाहत पेला तं चहा पोटात जात नाही."

आणखी एक खोड होती. पानाच्या भागांना आम्ही इंग्रजी नावं द्यायचो. ते इंग्रजी अक्षरांतच, पण देवडी, माजघर, कोठी अशी द्यायचे. पान बघणाऱ्याला ही नावं दिसत नाहीत, उघडून पाहिलं तरच दिसतात. मालक मुकुंद सर वैतागायचे. "खोरगडे, उद्या दुसऱ्या कुणाला काम द्यावं लागलं तर त्याला कोठी काय कळणार?"

"त्याले कोठी नाही कळत तं आत काय ठेवलं हे तरी कसं कळन सर?" खोरगडे सर म्हणायचे आणि बदलायचे नाहीत.

त्यांच्याकडे पदवी नव्हती. बारावीनंतर सावनेरच्या एका कॉम्प्युटर क्लासात ते शिकायला गेले आणि वर्षभरात तिथेच शिकवायला लागले, इतकंच. हे मला कळलं तेव्हा, खरं सांगते, मला बरं वाटलं होतं. एकदा एका मोठ्या कामासाठी आमच्या माणसांची यादी द्यायची होती, पदवीच्या रकान्यासकट. मला नोकरीला लागून तेव्हा आठ महिने झाले होते. यादीत माझं नाव सगळ्यात वर गेलं आणि सरांचं आलंच नाही. ती यादी त्यांनी स्वतःच टाइप केली होती. मी काहीतरी बोलायचं म्हणून बोलले. ते म्हणाले, "बरोबर आहे वं. तो रकाना माह्याकडं रिकामा आहे. रिकामा असला तं रिकामा म्हणायचं."

रिकाम्या जागेवरून मात्र ते भांडायचे. आता साच्यांमध्ये एक सोय आली आहे. टिंबाआधी एक प्रश्नचिन्ह टाकलं की मधलं घर बंद असलं तरी पान मोडत नाही, त्या जागी गुपचूप कोरं सोडतं. आम्ही सगळे ती वापरायचो. सरांना तिचा राग होता. त्यांच्या साच्यात कोऱ्या जागी ठळक अक्षरांत "माहिती नाही" असं यायचं.

"कोरं कायले सोडता गा? कोऱ्या जागेवर कोणी भांडत नाही. माहिती नाही लिहिलं तं कोणीतरी येऊन म्हणते, काहून नाही?"

यात ते एकदा सपशेल तोंडावर पडले, तेही सांगायला हवं. एका शाळेच्या पानावर त्यांनी तसंच केलं होतं. शाळेत मोठ्या पडद्यावर मुलांची पानं दाखवत होते, आणि एका मुलीच्या पानावर "वडिलांचे नाव: माहिती नाही" असं सगळ्या वर्गासमोर आलं. मुख्याध्यापिकेचा फोन आला. फोन स्पीकरवर होता. "अहो, त्या पोरीला कळत नव्हतं का तिला बाप नाही ते? तुम्ही कशाला लिहून दाखवलं?" सरांनी फोन ठेवला. दुपारचा डबा उघडला नाही. संध्याकाळपर्यंत त्यांनी शाळेचा सगळा साचा बदलला. वडील नसतील तर ती ओळच येऊ नये, आईची ओळ वर यावी. जाताना मला म्हणाले, "माहिती नसणं वेगळं अन् माणूस नसणं वेगळं. मी दोन्हीले एकच केलं. चूक माही."

चूक माही, हे मी त्यांच्या तोंडून त्याआधी ऐकलं नव्हतं. पुन्हा एकदाच ऐकलं. ते आता सांगते.

सालईमेट नावाचं गाव जागेवर नव्हतंच. हे मला फार उशिरा कळलं. खोरगड्यांची आळी, डाव्या हाताचं तिसरं घर, ते सगळं सर लहान असतानाच कोळशाच्या खाणीत गेलं होतं. गाव उठलं आणि दोन कोसांवर नवीन वसाहतीत बसलं. नाव तेच राहिलं, सालईमेट, पुढे पुनर्वसन लागलं. ते प्रत्येक नव्या पोराला ज्या घरातून टी.सी. आणायला सांगायचे तिथे आता खड्डा होता. मी म्हटलं, "सर, मग तुम्ही आम्हाला खोटंच सांगत होतात की."

"खोटं कायले? पेटी आहे अजून. आई गेली, पेटी आहे."

पुढे खाण वाढली आणि ती वसाहतही उठवली. या वेळी काही घरं सावनेरात गेली, काही नातेवाइकांकडे, आणि चाळीस-पन्नास घरं रस्त्याकडेच्या तिसऱ्या जागी गेली. सर तिथून रोज एसटीने नागपूरला यायचे. शेती पहिल्याच वेळी गेली होती. त्यांची एकुलती एक मुलगी वैष्णवी बारावीला चांगल्या मार्कांनी पास झाली आणि म्हणाली, मला शेतीचं शिकायचं. सर ऑफिसात सगळ्यांना पेढे देत फिरले. "शेत नाही अन् पोरगी शेतीच्या कॉलेजात चालली! आहे का नाही गंमत?" माझ्या हातावर त्यांनी दोन पेढे ठेवले. "तू सांग वं तिले. घरातलं पहिलं कॉलेज कसं असते ते. माह्यानं नाही सांगता येत."

मी तिला भेटले. बारीक चणीची, मोजकं बोलणारी पोरगी. तिने एकच प्रश्न विचारला, "ताई, पदवीच्या दिवशी घरच्यांना आत बसू देतात का?" मी म्हटलं, देतात, माझी आई बसली होती पहिल्या रांगेत. तिने वहीत ते लिहून घेतलं, तारीख लिहावी तसं.

यादीत तिचं नाव लागलं ते प्रकल्पग्रस्तांच्या मुलांसाठी ठेवलेल्या जागेवर. एरवीच्या यादीत ती थोडक्यात मागे राहिली होती. म्हणजे जागा मिळायची तर हीच. त्यासाठी प्रकल्पग्रस्ताचा दाखला लागतो, तो होता. शिक्का, सही, गावाचं नाव, सगळं बरोबर. कॉलेजवाले फक्त दाखल्याचा नंबर सरकारी पानावर टाकून ताडून पाहतात. टेबलावरच्या मॅडमनी नंबर टाकला. मुलीचं नाव आलं, बापाचं आलं, खाणीचं आलं. गावाच्या जागी ऑब्जेक्ट ऑब्जेक्ट आलं.

"कागदावर सालईमेट आहे. इथे काहीतरी वेगळंच आहे," मॅडम म्हणाल्या. "जुळत नाही. दुरुस्त करून आणा. शुक्रवारपर्यंत वेळ आहे." तो दिवस मंगळवार होता.

बुधवारी सर ऑफिसात आले ते थेट कॉम्प्युटरशी बसले. त्यांनी ते सरकारी पान उघडलं, आणि मग पानाच्या आतलं जे नेहमी दिसत नाही ते उघडलं. मी शेजारी होते. आत माहिती सगळी आलेली होती. गावाचा डबा, त्याच्या आत नव्या जागेचा डबा, त्याच्या आत आणखी नव्या जागेचा डबा, आणि सगळ्यात आत स्वच्छ मराठीत सालईमेट. साच्याने फक्त दुसऱ्या डब्यापर्यंतच पाहिलं होतं. मग सरांनी साच्याची ओळ शोधली. ती शोधता शोधता त्यांचा हात थांबला. पानाच्या त्या भागाचं नाव होतं कोठी. वर देवडी. वर माजघर.

मी म्हटलं, "सर, हे तर..."

"माहं आहे."

मुकुंद सरांकडे येण्याआधी खोरगडे सर नागपुरातच दुसऱ्या एका कंपनीत होते. तिला या सरकारी पानाचं पोटकाम कुणाकडून तरी मिळालं होतं आणि हा साचा सरांनी लिहून दिला होता. त्यानंतर ती कंपनी बंद पडली, काम दुसरीकडे गेलं, तिथून तिसरीकडे. साचा तोच राहिला. साध्या गावाचं नाव पहिल्या डब्यात असतं. उठलेल्या गावाचं एक डबा आत. इतर कुणी असतं तर हे डोक्यातही आलं नसतं. सरांनी मुद्दाम आपल्या गावासाठी एक टिंब जास्तीचं टाकलं होतं. सालईमेट नीट उमटतं की नाही हे तेव्हा त्यांनी स्वतः नंबर टाकून पाहिलंही होतं.

त्यांनी त्या ओळीतली टिंबं बोटाने मोजली. मग म्हणाले, "गाव एकदाच उठते असं धरून चाललो होतो मी."

आणि थोड्या वेळाने, "चूक माही."

एक टिंब कमी पडलं होतं, आणि ते टाकायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात चहा बशीत ओतूनही होत नाही. पण पान आमच्या हातात नव्हतं. सर पुनर्वसनाच्या कार्यालयात गेले. तिथल्या बाबूने रजिस्टर काढून दाखवलं, सालईमेट, ठळक अक्षरांत. "आमच्याकडं बरोबर आहे. वेबसाइट आमची नाही, मुंबईले विचारा." मुंबईचा फोन उचलला जात नव्हता. मदतीच्या नंबरवर तक्रार नोंदवली. दोन तासांनी मोबाइलवर निरोप आला, आपल्या तक्रारीचे निराकरण करण्यात आले आहे. आम्ही धावत पान उघडलं. ऑब्जेक्ट ऑब्जेक्ट. पुन्हा तक्रार केली, पुन्हा निराकरण झालं. असं चारदा झालं.

गुरुवारी मी इकडून तिकडून नंबर काढला आणि आता ज्यांच्याकडे ते काम होतं तिथल्या एका इंजिनिअरला फोन लावला. सर बोलले. त्यांनी ओळ सांगितली, ओळीतली जागा सांगितली, काय टाकायचं ते टिंबासकट वाचून दाखवलं. तो मुलगा चांगला होता, ऐकून घेतलं. म्हणाला, "काका, टेम्प्लेट बरोबर चालतंय. बाकी सगळ्या गावांची नावं दिसतात. तुमच्याच गावाच्या डेटात प्रॉब्लेम आहे."

"गावात नाही गा प्रॉब्लेम. गाव दोनदा उठलं. साचा दोनच डबे उघडून पाहते."

"तुम्हाला कसं माहीत?"

"साचा मीच लिहिला आहे ना बाप्पा."

मग तो म्हणाला, "मग चूक तुमचीच आहे ना काका?" त्यात टोमणा नव्हता. त्याला खरंच तसं वाटलं, आणि होतंही तसंच. सर म्हणाले, "हो." मुलगा म्हणाला, बदल करायला वरून लेखी यावं लागतं, मग तपासणी, मग परवानगी. पंधरा-वीस दिवस धरा.

शुक्रवार दुसऱ्या दिवशी होता.

त्या दुपारी मी एक गोष्ट केली. तिची मला लाज वाटते की नाही हे मला अजून ठरवता आलेलं नाही. आपल्या कॉम्प्युटरवर उघडलेलं कुठलंही पान आपल्यापुरतं बदलता येतं. मूळ पान तसंच राहतं, पण आपल्या स्क्रीनवर हवं ते दिसतं, आणि छापलं तर तसंच छापलं जातं. मी सरांच्या खांद्यावरून हात घालून त्या जागी क्लिक केलं आणि टाइप केलं, सालईमेट. पान अगदी देखणं दिसायला लागलं. नाव, बाप, खाण, गाव. मी म्हटलं, "सर, याचं प्रिंट काढू. हे खोटं नाही. आत हेच आहे."

सरांनी त्या नावाकडे पाहिलं. मला वाटलं, आता प्रिंटरकडे जातील. ते वाचत होते. त्यांच्या सवयीने, थांबत थांबत, ओठ हलवत. शेवटच्या टिंबाला नेहमीपेक्षा जास्त थांबले.

"गाव खरं आहे," ते म्हणाले. "कागद खोटा होईन. उद्या कोणी नंबर टाकून पाहिलं तं पोरीच्या नावापुढं काय लिहितील? ते मंग कोणत्या साच्यानं पुसू?"

त्यांनी पान पुन्हा लोड केलं. ऑब्जेक्ट ऑब्जेक्ट.

शुक्रवारी मी सर आणि वैष्णवीसोबत कॉलेजात गेले. सरांनी बरोबर लॅपटॉप नेला होता. पानाच्या आतली माहिती उघडून त्यांनी मॅडमसमोर ठेवली. "हे पाहा मॅडम, आत आहे. गाव, त्याच्या आत हे, त्याच्या आत हे, अन् हे नाव." मॅडमनी चष्मा लावून पाहिलं, खरंच पाहिलं. मग म्हणाल्या, "मला दिसतंय हो. पण हे तुमच्या कॉम्प्युटरवर आहे. मी माझ्या स्क्रीनवर दिसतं तेच भरू शकते. मी लिहिलं आणि जुळलं नाही तर माझ्यावर येईल, आणि मुलीचीही जागा नंतर रद्दच होईल." त्यांनी मोठ्या साहेबांना फोन करून विचारलं. साहेबांनी तेच सांगितलं. पाचला खिडकी बंद व्हायची होती. मॅडमनी ती साडेपाचपर्यंत उघडी ठेवली. दर पाच मिनिटांनी त्या आपणहून नंबर टाकून बघत होत्या, कुठून तरी दुरुस्त झालं असेल म्हणून. आम्ही चौघंही त्या एका ओळीकडे पाहत होतो. बदलायची जागा माहीत, शब्द माहीत, आणि हात लावायची सोय नाही. साडेपाचला मॅडम म्हणाल्या, "आता मला बंद करावं लागेल, काका."

"करा मॅडम," सर म्हणाले. "तुम्ही लय थांबल्या."

वैष्णवी रडली नाही. बाहेर आल्यावर तिने बापाच्या खांद्यावरून लॅपटॉपची बॅग काढून स्वतःच्या खांद्याला लावली. बस येईपर्यंत आम्ही तिघं स्टॉपवर उभे होतो. मला बोलायला हवं होतं. घरातली पहिली पदवीधर म्हणून मला आणलं होतं ना, तिला सांगायला. मी येणाऱ्या बसच्या पाट्या वाचत राहिले.

त्यानंतर सर कामात तसेच राहिले. साचे करायचे, मोठ्याने वाचायचे. फक्त नव्या पोरांना टी.सी.ची गोष्ट सांगायचे थांबले. पोरं विचारायची, "सर, कितीपर्यंत आत जाऊन बघायचं?" पूर्वी ते म्हणायचे, माहितीत आहे तेवढं. आता म्हणायचे, "सापडते तोपर्यंत." वरून लेखी यावं म्हणून ते पत्रं पाठवत राहिले, प्रत्येक पत्रासोबत ती ओळ. एकदा मी म्हटलं, आता कशाला, प्रवेश तर संपले. ते म्हणाले, "वैष्णवीसाठी नाही. पन्नास घरं आहेत तिथं. प्रत्येकात कोणी ना कोणी बारावीले येईनच." आणि पन्नास घरांसाठी कोण पान दुरुस्त करायला बसतो, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं.

पुढच्या वर्षी मला मोठ्या कंपनीत काम मिळालं आणि मी मानेवाडा सोडलं. एक दिवस सहज वैष्णवीच्या दाखल्याचा नंबर टाकून पाहिला. मला तो पाठ आहे. पान नवीन झालं होतं, रंग बदलले होते, देवडी आणि कोठी कुठेच नव्हती. गावाच्या जागी ऑब्जेक्ट ऑब्जेक्टही नव्हतं. तिथे कोरं होतं. कुणीतरी ते प्रश्नचिन्ह टाकलं होतं. पान कसं स्वच्छ, कुठे काही मोडलंय असं पाहणाऱ्याच्या मनातही येऊ नये. मी सरांना फोन लावायला घेतला आणि ठेवून दिला.

मागच्या हिवाळ्यात मावसबहिणीकडे सावनेरला जात होते. संध्याकाळची एसटी, उभं राहायला जागा नाही. दोन सीट पुढे ओळखीची मान दिसली. केस बरेच पांढरे झालेले, मांडीवर डब्याची पिशवी. मी हाक मारणार तोच कंडक्टर त्यांच्याजवळ पोचला.

"कुठं काका?"

"सालईमेट."

"मशीनमधी नाही ना ते. रोज सांगतो तुम्हाले."

"रोज नसते म्हणूनच रोज सांगतो. एखाद दिवस टाकतील."

कंडक्टर हसला. पुढच्या स्टॉपचं तिकीट काढून त्याने त्यांच्या हातात दिलं. ती त्यांची रोजची गोष्ट असावी.

मी गर्दीतून पुढे सरकले. "काय वं बीसीए," ते म्हणाले आणि जागा करून द्यायला उठायला लागले. मी बसवलं त्यांना. वैष्णवीचं विचारलं. सावनेरलाच बी.ए. करते, दुसऱ्या वर्षाला आहे. "हुशार आहे. चांगली शिकून राहिली."

"काही म्हणते का कधी?"

"नाही म्हणत ना. काहीच नाही म्हणत." त्यांनी डब्याची पिशवी या मांडीवरून त्या मांडीवर घेतली. "भांडली असती तं बरं झालं असतं."

मी पानाचं काढलं नाही. त्यांनीच काढलं. "पाहिलं का तू? कोरं केलं त्यायनं."

"पाहिलं."

"हां," ते म्हणाले. आम्ही दोघंही खिडकीबाहेर पाहायला लागलो. कोळशाचे ट्रक ओळीने समोरून येत होते.

सालईमेटचा फाटा आला. बस थांबायची जागा नव्हती, पण कंडक्टरने न सांगता घंटी मारली. सर उतरले. रस्त्याकडेला वैष्णवी उभी होती, कॉलेजची बॅग पाठीला. तिने मला ओळखलं की नाही कळलं नाही. तिने सरांच्या हातातली पिशवी घेतली. बस हलली तेव्हा सर खिडकीखाली उभे राहून हातातलं तिकीट वाचत होते. त्यावर पुढच्या गावाचं नाव होतं. ते त्यांनी पूर्ण वाचलं, नीट घडी केली, खिशात ठेवलं, आणि मुलीच्या मागे चालायला लागले.